ब्वोमही होता

मित्रांनो, मी एक जुना मुखवटा आहे. लाकडाचा आहे आणि मत्सरी आहे. यांतली शेवटची गोष्ट अशा आत्मवृत्तांमध्ये बहुधा अखेरीस येते, डोळ्यांत पाणी वगैरे आणून. मी ती सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण मला तिचा पश्चात्ताप झालेला नाही. ज्याला जन्मभर एका राजाच्या शेजारी उभं राहावं लागतं, त्याच्याकडून दुसरी कसली अपेक्षा ठेवायची?

माझं नाव ब्वोम. आमच्या कुबा लोकांचा राजा मुशेंगेला राहतो. तिथून बराच दक्षिणेला, ताडांच्या मागे एक गाव आहे. तिथल्या म्बाकाम नावाच्या कारागिरानं मला घडवलं. झाड पाडण्याआधी त्यानं झाडाची रीतसर परवानगी मागितली, बुंध्याशी ताडी ओतली, चार शब्द गोड बोलला. मला मात्र कुणी काही विचारलं नाही. वाकस उचलला आणि थेट कपाळापासून तासायला सुरुवात केली.

हे माझं कपाळ. ते आधी दिसतं, मग थोड्या वेळानं मी दिसतो. ते एवढं मोठं का, यावर गावात दोन मतं आहेत. कुणी म्हणतं, फार पूर्वी राजघराण्यात मोठ्या डोक्याचा एक राजपुत्र होता, त्याचा हा चेहरा. कुणी म्हणतं, जंगलातल्या ठेंगण्या माणसांपैकी कुणीतरी असा मुखवटा राजाला नजर केला होता. म्बाकामला विचारलं तेव्हा तो म्हणाला, लाकूड उरलं होतं.

त्या कपाळावर त्यानं तांब्याचा पत्रा ठोकला. गालांना लाल लाकडाची पूड चोळली. मग दोन सुबक डोळे कोरले आणि त्यांना भोकं पाडायची सोडून दिली. वर मण्यांची पट्टी लावून ते झाकूनही टाकले. मला घालून जो नाचतो, तो माझ्या नाकपुड्यांतून बघतो. आमच्यात असंच असतं. ब्वोमला दिसतं ते नाकातून, आणि दिसतं ते फक्त खालचं. त्यामुळे गावातला एकही चेहरा मी धड पाहिलेला नाही, पण पावलं सगळी ओळखतो. मुखियाची पावलं बाहेर वळलेली आहेत. ढोलवाला टाच आधी टेकतो. आणि बेलेपेच्या डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली आहे. या बेलेपेबद्दल मला पुढे बरंच सांगायचं आहे.

पण आधी राजाबद्दल सांगतो, म्हणजे माझं तोंड एकदाचं कडू होऊन जाईल.

त्याचं नाव मोशांबोई. तोही मुखवटाच. पण त्याला बिबट्याचं कातडं, त्याला कवड्या, त्याला निळे-पांढरे मणी, त्याला छातीपर्यंत रुळणारी दाढी. तो म्हणजे आमचा मूळपुरुष, तो म्हणजे राजा. तिसरी न्गाडी, काळ्या-पांढऱ्या त्रिकोणांनी सजलेल्या गालांची, डोळ्यांखाली आसवांच्या रेघा ओढलेली. ती त्याची राणी. ती त्याची बहीणही लागते, पण मूळपुरुषांच्या घरातलं कुणी फार उकरत नाही. मुखवटे नाचवणाऱ्या पुरुषांच्या आमच्या मंडळातला एखादा जाणता वारला, की त्याच्या अंत्यविधीला आम्ही तिघं नाचतो. नाच ठरलेला आहे. राजा येतो. राणी येते. मग मी येतो, कपाळ पुढे करून, ढुशी मारायला निघालेल्या रेड्यासारखा, आणि राणीभोवती रुंजी घालतो. राजा माझ्याकडे नुसता वळतो आणि मी मागे हटतो. पुन्हा जातो, पुन्हा हटतो. शेवटी राणी राजाबरोबर निघून जाते.

दर वेळी. एकदाही, चुकूनसुद्धा, ती माझ्याबरोबर आली नाही. न्गाडीच्या आत एक देवीचे वण असलेला म्हातारा असतो हे मला ठाऊक होतं, त्याच्या तंबाखूचा वासही मला यायचा. तरीही माझा जीव जळायचा. मत्सराला आत कोण आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं.

मला घालून नाचायचा मिकोबी. हा ताडी काढणारा काटकुळा माणूस, ताडावर चढून-चढून पिंढऱ्या दोरखंडासारख्या झालेला. राजाच्या आत असायचा त्याचा शेजारी म्बोप. म्बोप अंगानं भारदस्त, चालायला मंद आणि नाचाच्या बाबतीत सांगायचं तर, चालायला मंद. पण राजाला नाचावं लागतच नाही. त्यानं एक पाऊल टाकलं आणि थांबला, की बायका आ वासून बघतात. मिकोबी माझ्या आत घामानं निथळायचा, गुडघ्यात वाकून गरगर फिरायचा, जमिनीला कपाळ टेकेल इतका झुकून झपकन उठायचा. आणि म्बोप तिथे उभा राहून शेपटाच्या केसांची चवरी हलवायचा. आता मला सांगा.

आमच्याकडे एक कडक नियम आहे. मुखवट्याच्या आत कोण आहे हे बायकांना माहीत नसतं. म्हणजे माहीत असायचं नसतं. आत माणूस नाही, जंगलातून आलेलं काहीतरी आहे, असं सगळ्या पुरुषांचं म्हणणं असतं आणि सगळ्या बायका मान डोलावतात. नाच झाला की नाचणारे मागच्या वाटेनं रानात जातात, ओढ्यावर अंग धुतात आणि लांबच्या रस्त्यानं घरी येतात, जणू आत्ताच कुठूनतरी परतलेत.

मी राहायचो मिकोबीच्या घरात, चुलीवरच्या माळ्यावर, चटईत गुंडाळलेला. खरं तर माझी जागा रानातल्या मंडळाच्या झोपडीत. पण तिथे वाळवी लागली, म्हणून त्यानं मला गुपचूप घरी आणलं आणि बायकोला सांगितलं की ही जुनी टोपली आहे. बायको म्हणजे बेलेपे. तिनं टोपलीकडे बघितलं, टोपलीला नाक होतं. दुसऱ्या दिवशी तिनं चूल सरकवून बरोबर माझ्याखाली आणली आणि वर ओली लाकडं घातली. म्हणाली, टोपल्यांना कीड लागते, धूर हवा. तेव्हापासून माझ्या डोक्यात कायमचा धूर आहे. मी तो तिचा तुसडेपणा समजत आलो.

तर मिकोबी नाचून घरी यायचा, ते मी ऐकायचो, कारण त्याच्या आधी मला मागच्या भिंतीतून आत ढकललेलं असायचं. तो दारात उभा राहून जांभई द्यायचा. बेलेपे कसाव्याच्या कंदाच्या पिठाचा गोळा आणि पाल्याची भाजी पुढे ठेवायची आणि विचारायची, "कुठं होतात? आज मुखवटे आले होते. चुकवलंत तुम्ही."

"सापळे बघायला गेलो होतो," मिकोबी म्हणायचा. "काही लागलं नाही. कसे नाचले गं?"

"मोशांबोई छान. काय त्याचं ते चालणं. राजा तो राजाच."

मिकोबी दोन घास खायचा. मग भाजीत काहीतरी शोधत असल्यासारखा म्हणायचा, "आणि ब्वोम?"

"ब्वोमही होता."

बस्. एवढंच. मित्रांनो, हे एक वाक्य मी माळ्यावरून किती वर्षं ऐकलं, हे मला विचारू नका. कधी ती त्यात थोडी भर घालायची. म्हणायची, ब्वोम म्हणजे तो मोठ्या कपाळाचा तोच ना, हो, होता की. एकदा म्हणाली की ब्वोम नाचत होता तेव्हा ती पाणी आणायला गेली होती. मिकोबी हं म्हणायचा आणि ताडीचं भांडं जवळ ओढायचा. त्याला तिच्याकडून एक चांगला शब्द हवा होता. दुसऱ्या कुणाकडून नको होता. गावातल्या बाकी बायका ब्वोमचं नाव निघालं की खुदकन हसायच्या, पोरं माझी नक्कल करत फिरायची. पण घरातलं माणूस म्बोपचं चालणं वाखाणत होतं, आणि म्बोप कुंपणापलीकडे बसून जेवत होता.

त्या शब्दापायी मिकोबीनं काय काय केलं! नवे नवे झटके काढले. एका पायावर फिरायला लागला. जमिनीलगत बसून उडी मारायला शिकला. चाळिशी उलटलेल्या माणसानं ताडावर चढावं, उतरावं आणि मग माझ्यासारखं ओझं डोक्यावर घेऊन बसून उड्या माराव्यात, हे काही गुडघ्यांना पसंत पडलं नाही. आधी उजवा गेला, मग डावा. मी आतून ऐकत होतो, ते वाळक्या काटक्यांसारखे वाजायचे. आणि घरी आलं की तेच. मोशांबोई छान. ब्वोमही होता.

मला वाटायचं की ही बाई म्बोपवर भाळली आहे. मिकोबीलाही तसंच वाटायचं, असं मला वाटतं. तो कुंपणापलीकडे बघत बसायचा तेव्हा त्याचे दात चावल्यासारखे वाजायचे आणि तोंडात काही नसायचं. मी मोशांबोईवर जळत होतो, मिकोबी म्बोपवर जळत होता. आमच्या दोघांमध्ये एवढं साधर्म्य होतं की नाचताना कोण कुणाच्या आत आहे, हे कधीकधी मला सांगता आलं नसतं.

बेलेपेला कौतुक करताच येत नव्हतं असं नाही. ती राफिया ताडाच्या धाग्यांच्या कापडावर भरतकाम करायची. आमच्याकडे पुरुष कापड विणतात आणि बायका भरतात, आणि मेलेल्या माणसाला तेच कापड गुंडाळावं लागतं. दुसरं काही नेसून गेलात तर पलीकडचे पूर्वज तुम्हाला ओळखत नाहीत. तिनं मिकोबीसाठी एक लांबलचक पट्टा कितीतरी पावसाळे भरत आणला होता. एक चौकट पुरी झाली की ती दूर धरून बघायची आणि मोठ्यानं म्हणायची, वा, काय बसली आहे. चौकटीला! सुताच्या चौकटीला! मी वर धुरात लटकत होतो आणि माझ्या खाली एका फडक्याचं कौतुक चाललं होतं. त्यातही ते फडकं एक दिवस मिकोबीबरोबर जाणार होतं आणि मी इथेच राहणार होतो. त्या फडक्यावर मी जेवढा जळलो तेवढा मोशांबोईवरही नाही.

मग मिकोबीचे गुडघे पार बसले. आमच्यात वारसा मामाकडून भाच्याकडे येतो. त्याप्रमाणे त्याच्या बहिणीचा मुलगा कोत ब्वोम झाला. कोत तरणाबांड, केसांना तेल लावणारा. त्याला मी जुनाट वाटलो. म्हणाला, मामा, याला आतून तुझ्या डोक्याचा वास येतो. त्यानं म्बाकामच्या मुलाकडून नवा ब्वोम करून घेतला. त्याचं कपाळ माझ्याहून मोठं, पत्रा माझ्याहून चकचकीत, आणि नाक नाजूक, एखाद्या नवरीचं असावं तसं.

नाक नाजूक! पहिल्याच नाचात कोत त्या नाजूक नाकपुड्यांतून बघत राणीकडे झेपावला आणि रांगेनं मांडलेल्या ताडीच्या मडक्यांत जाऊन पडला. पाहुण्यांची ताडी होती ती. मी माळ्यावर होतो, मला फक्त आवाज आला. आयुष्यात इतका सुरेल आवाज मी ऐकलेला नाही. त्या दिवशी घरी मिकोबीनं विचारलं की ब्वोमचं काय झालं. बेलेपे म्हणाली, "ब्वोमही होता. मडक्यांत होता." दोघंही हसली. मला वाटतं, ती दोघं ब्वोमवरून एकत्र हसल्याची ती एकच वेळ.

त्यानंतर मिकोबी आजारी पडला. छातीत कफ भरला आणि तो चुलीजवळ पडून राहिला, माझ्या बरोबर खाली. एका दुपारी बेलेपे भरतकाम घेऊन त्याच्या उशाशी बसली होती. तो बराच वेळ तिच्या सुईकडे बघत होता. मग म्हणाला, "बेलेपे, एक विचारू?"

"विचारा की."

"इतकी वर्षं बघतेस. ब्वोम नाचायचा कसा?"

मी धूर गिळायचा थांबलो. बेलेपेची सुई थांबली. बाहेर तिची जाऊ कसावा कुटत होती, तिचं मुसळही थांबलं, कारण आमच्या गावच्या भिंती चटयांच्या आहेत.

बेलेपे म्हणाली, "मुखवट्यांतलं आम्हा बायकांना काय कळतं हो?"

"ते खरंच," मिकोबी म्हणाला, आणि त्यानं कूस बदलली. मुसळ पुन्हा सुरू झालं. तो पुढच्या कोरड्या दिवसांत गेला. विचारायचं ते विचारून झालं होतं, त्याचं उत्तरही मिळालं होतं, आणि ते उत्तर असं होतं.

आता ऐका. अंत्यविधीच्या दिवशी पुरुष रानातल्या झोपडीत जमले. कोत नवा मुखवटा घेऊन आला. मंडळातल्या थोरल्यांनी त्या नाकाकडे एकदा बघितलं आणि सांगितलं की मिकोबीच्या पुढ्यात आज मडकी फुटता कामा नयेत, जुना काढा. मला माळ्यावरून आणलं, झटकलं, पत्रा राखेनं घासला. मी मनातल्या मनात नव्याकडे बघून घेतलं. तो कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून ठेवला होता. छान ठेवला होता.

म्बोप तिथे बिबट्याचं कातडं गळ्याशी बांधून घेत होता. माझ्यापाशी येऊन त्याची पावलं थबकली. म्हणाला, "काढलंत का याला बाहेर? या कपाळानं मला आयुष्यभर घास गोड लागू दिला नाही."

कोतनं विचारलं, ते कसं काय.

"कसं म्हणजे? मी एवढं ओझं अंगावर घेऊन उन्हात चालायचो. घरी गेलो की बायको सुरू. ब्वोम काय नाचला, ब्वोम काय उडला, ब्वोमनं डोळ्याचं पारणं फेडलं. मी विचारायचो, आणि मोशांबोई? तर म्हणायची, हो, तोही होता."

मग न्गाडीच्या आत नाचणारा तो देवीचे वण असलेला म्हातारा खोकल्यासारखा हसला. म्हणाला, "तुम्ही म्हातारे झालात तरी तुम्हाला हे माहीत नाही? माझी बायको तुमच्या दोघांचंही तोंड भरून कौतुक करते आणि न्गाडीला म्हणते, मेलीला लाज नाही. मी समजतो, आज चांगला नाचलो. अरे, आया लेकींना शिकवूनच पाठवतात. आपल्या घरातला मुखवटा वाखाणायचा नाही. वाखाणला की आत कोण आहे ते तुला ठाऊक आहे, हे उघड होतं. मग नवऱ्यानं गुपित फोडलं म्हणून त्याला मंडळातून काढतील. बायका नवऱ्याला जपतात, दुसरं काय."

म्बोप कातड्याची गाठ हातात धरून तसाच उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला दिसलं नाही, कारण मी जमिनीवर होतो. त्याच्या पायांचे अंगठे मात्र वर आले होते.

कोत म्हणाला, "मामाला हे माहीत होतं?"

म्बोपनं कातड्याची गाठ आवळली. म्हणाला, "नसावं. मलाच कुठं होतं?"

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगतो. वाईट वाटलं, असं तुम्हाला वाटत असेल. ते नंतर वाटलं. आधी मला हे वाटलं की म्बोपच्या बायकोनं इतकी वर्षं माझं एवढं कौतुक केलं आणि ते सगळं त्या कुंपणापलीकडे वाया गेलं.

आम्ही नाचायला निघालो. मिकोबीला मांडवात टेकून बसवलं होतं, अंगभर ते भरतकामाचं कापड गुंडाळून. ते माझ्या नाकपुड्यांतून मला खालच्या कडेपर्यंतच दिसत होतं. कड उत्तम होती. मी जळलो.

कोतचं डोकं मिकोबीपेक्षा लहान. मी आतून मिकोबीच्या डोक्याच्या मापाचा झालो होतो, त्याच्या घामानं गुळगुळीत झालो होतो. कोत उजवीकडे वळला की मी थोड्या वेळानं वळायचो. तो झुकला की मी त्याच्या नाकावर आपटायचो. राणीभोवती आम्ही फिरलो खरे, पण ते रुंजी घालण्यापेक्षा चुकलेल्या शेळीनं दार शोधावं तसं होतं. एका पायावर फिरायची वेळ आली तेव्हा कोतनं ती गाळली. बसून उडी मारायची वेळ आली तेव्हा तो बसला आणि तसाच उठला. लोकांनी ढोलांच्या आडून नापसंतीचे आवाज काढले, पण ते त्या दिवसाला शोभतील इतपत. राजा वळला. आम्ही मागे हटलो. राणी राजाबरोबर निघून गेली.

ठरल्याप्रमाणे मी मांडवाच्या कडेला गुडघे टेकून बसलो. कोतचा श्वास माझ्या नाकातून फुसफुसत होता. तेवढ्यात समोरून दोन पावलं आली. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली.

बेलेपे माझ्या हातभर अंतरावर थांबली, पण माझ्याकडे वळली नाही. ती मिकोबीशेजारी बसली. त्याच्या कापडाची कड तिनं सारखी केली. मग ती बोलायला लागली, अगदी घरच्या आवाजात, जणू मधे कसाव्याचा गोळा ठेवलेला आहे.

"आज मुखवटे आले होते," ती म्हणाली. "तुमचं नेहमीचंच. चुकवलंत."

रडणाऱ्या बायका एकेक करून गप्प झाल्या.

"मोशांबोई चालला बरा. राजा तो राजाच." तिची पावलं धुळीत हलत नव्हती. "ब्वोमही होता. पण आज त्याला काही नाचता आलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्याला बघतेय, असा वाईट तो कधी नाचला नव्हता. तो यायचा तेव्हा मला दुसरं कुणी दिसायचं नाही. तेवढं तुमच्या कानावर घालते."

एवढंच बोलली. नियम कुठेही मोडला नव्हता. आत कोण होता, कोण आहे, एक अक्षर नाही. बायकोनं नवऱ्याला सांगितलं की आज एक मुखवटा वाईट नाचला, यात कुणाला काय म्हणता येणार? तरी ढोलवाल्यानं काही कारण नसताना ढोल वाजवायला घेतला. मुखियाची बाहेर वळलेली पावलं वळून रानाकडे बघायला लागली. मोशांबोई परतीच्या वाटेवर मधेच उभा राहिला होता आणि आज पहिल्यांदाच तो थांबला म्हणून कुणी आ वासून बघितलं नाही. माझ्या आत ओलं झालं. कोत रडला की त्याला घाम फुटला, हे मी सांगू शकत नाही. आतून दोन्ही सारखंच लागतं.

मिकोबीला त्या कापडात गुंडाळून नेलं. ते शब्द त्याला मिळाले की नाही हे मला माहीत नाही. पूर्वजांपर्यंत कापड पोचतं असं आमचे लोक म्हणतात, शब्दांचं कुणी काही सांगितलेलं नाही.

मी अजून आहे. नव्या मुखवट्याच्या नाकपुड्या आता कोरून मोठ्या केल्या आहेत आणि कोत त्यांतून बघत बरा नाचतो, असं ऐकतो. त्याचं लग्न झालं आहे. नाच झाला की त्याची बायको त्याला सांगते, मोशांबोई छान होता. कोत खूश होऊन दुप्पट जेवतो. त्याला एवढं कळलं, हे मामाचं त्याच्यावरचं ऋण. पण सगळ्यांचे मामा वेळेवर मरत नाहीत.

म्हणून, मित्रांनो, तुम्हाला एक विनंती. जुन्या वस्तू जपा असं मी सांगणार नाही. आम्ही लाकडाचे आहोत, आम्हाला वेळ असतो. तुमच्या घरात कुणी ओझं डोक्यावर घेऊन तुमच्यासाठी नाचत असेल, आणि भाजीत काही शोधत असल्यासारखं दाखवून तुम्हाला काही विचारत असेल, तर त्याला तेव्हाच सांगून टाका. नियम आडवा येत असेल तर नियमाच्या कडेनं सांगा, बेलेपेनं सांगितलं तसं, फक्त थोडं आधी.

राहिला माझा हिशोब. मी त्या दिवशीचं बोलणं माळ्यावर बसून पुष्कळदा आठवून बघितलं आहे. जन्मभर ज्या कौतुकाची आम्ही दोघांनी वाट बघितली, ते शेवटी झालं. ते जो नाचायचा त्याच्या वाट्याला गेलं, आणि आज वाईट नाचला हे माझ्या. हा न्याय नाही. नाव तिनं ब्वोमचं घेतलं होतं, आणि ब्वोम मी आहे. मिकोबी तर सापळे बघायला गेला होता.